शेजाऱ्यांबद्दल दोन मिनिटं

(मिरजेत झालेल्या युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘करिअर मार्गदर्शन’ असं छापलंय. आधीच सांगतो, मी मार्गदर्शक वगैरे नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधतो आणि माझ्या चुका दुसरं कुणीतरी शोधतं. आज मी फक्त माझ्या एका फजितीबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण आयईएलटीएसच्या तयारीला लागलेत म्हणून.

पहिल्यांदा मी ती परीक्षा दिली तेव्हा पुण्यात नोकरी करत होतो. परदेशात एमएस करायचं होतं. मला ज्या कोर्सला जायचं होतं तिथे एकूण साडेसहा बँड आणि एकाही विभागात सहाच्या खाली नाही, अशी अट होती. वाचन, श्रवण, लेखन, तिन्ही झकास गेले. उरलं स्पीकिंग. मी म्हटलं, यात काय, ऑफिसात रोज इंग्रजीतच तर बोलतो.

समोर परीक्षक बसलेल्या. टेबलावर रेकॉर्डर. नाव विचारलं, पासपोर्ट पाहिला. काय काम करता, आवडतं का, हे विचारलं. ते मी घडाघडा सांगितलं. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, ‘डू यू नो युअर नेबर्स वेल?’ तुमच्या शेजाऱ्यांशी तुमची चांगली ओळख आहे का?

मी म्हणालो, ‘येस.’ आणि थांबलो.

त्या पुढच्या वाक्याची वाट पाहत होत्या. मीही पाहत होतो. शेवटी मी म्हणालो, ‘दे आर व्हेरी गुड.’ संपलं. पुढचा प्रश्न. त्या दिवशी तसे चार-पाच प्रश्न गेले. स्पीकिंगला साडेपाच बँड. परीक्षेची फी गेली, त्या वर्षीचा प्रवेशही गेला.

आता ही परीक्षा कशी असते ते थोडक्यात सांगतो, कारण क्लासवाले ती उगाच अवघड करून सांगतात. ११ ते १४ मिनिटांचा समोरासमोर संवाद. पहिली चार-पाच मिनिटं तुमच्या रोजच्या आयुष्यावरचे प्रश्न. घर, गाव, काम, शिक्षण, जेवण, झोप, सुट्टीचा दिवस. मग एक कार्ड देतात, त्यावर एक विषय आणि तीन-चार मुद्दे. विचार करायला १ मिनिट, कागद-पेन्सिल मिळते, आणि मग एक ते दोन मिनिटं एकट्यानं बोलायचं. दोन मिनिटं झाली की ते थांबवतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शेवटची चार-पाच मिनिटं त्याच विषयाला धरून मोठी चर्चा.

गुण चार गोष्टींना, चारींना सारखे. न अडखळता, एका वाक्याला दुसरं जोडून बोलता का. शब्दसंपत्ती. व्याकरण. आणि उच्चार. या चारींत कुठेही ‘मत बरोबर आहे का’ असा रकाना नाही. तुमचे शेजारी खरोखर चांगले आहेत का, हे कुणी तपासायला येत नाही.

मग मी का थांबलो? इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही. त्याच आठवड्यात मी परदेशातल्या क्लायंटला पाऊण तास सर्व्हर का बंद पडला ते समजावलं होतं.

पहिलं कारण म्हणजे नोट्स. क्लासमधून पन्नास-साठ पानांची झेरॉक्स मिळाली होती. ‘माझं गाव’ या प्रश्नाला एक छापील उत्तर. माझं गाव समृद्ध सांस्कृतिक वारशासाठी प्रसिद्ध आहे, लोक अतिशय प्रेमळ आहेत. हे उत्तर मिरजेला चालतं, मेरठला चालतं, मादागास्करलाही चालेल. सणाच्या प्रश्नाला दिवाळी. आमच्या बॅचमध्ये आम्ही चौघं मुसलमान होतो आणि चौघांनीही दिवाळी पाठ केली होती. एक जण तर रमजानमध्ये, रोजा असताना, इफ्तारच्या अर्धा तास आधी ‘आमच्या घरी पहाटे उटणं लावून’ असं सांगत होता. दिवाळीबद्दल बोलू नये असं मी म्हणत नाही. लहानपणी आम्ही गल्लीतल्या पोरांबरोबर मातीचा किल्ला बांधायचो, मावळे कुठे ठेवायचे यावरून मारामारी व्हायची, शेजारून फराळाचं ताट यायचं. ती आमची खरी दिवाळी. तिच्यावर मी दहा मिनिटं बोलू शकतो. पण नोट्समधल्या उटण्यावर कुणी ‘मग ते कशापासून करतात?’ असं विचारलं की आम्ही चौघंही आडवे.

आमच्या धंद्यात याला हार्डकोडिंग म्हणतात. उत्तर आधीच प्रोग्राममध्ये लिहून ठेवायचं. प्रश्न नेमका तोच आला तर सगळे टाळ्या वाजवतात. जरा बदलला की प्रोग्राम आपटतो. शिवाय पाठ केलेलं उत्तर ओळखायला परीक्षकांना शिकवलेलं असतं. तुम्हालाही ते ओळखू येतं की. माणूस एकदम वेगळ्याच आवाजात, वरच्या पट्टीत बोलायला लागतो.

दुसरं कारण जरा अवघड आहे.

मी तेव्हा ज्या फ्लॅटमध्ये राहत होतो तो मला नवव्या प्रयत्नात मिळाला होता. आधीच्या आठ ठिकाणी फोनवर सगळं ठरायचं. भाडं, डिपॉझिट, चावी कधी घ्यायची. मग शेवटी, ‘नाव काय म्हणालात?’ नाव सांगितलं की मालक अचानक गावाला गेलेले असायचे. एका ठिकाणी मालकांच्या भाच्याचं लग्न ठरलं. एकानं तर स्पष्ट सांगितलं, त्याचे मी मनात आभारच मानले, कारण निदान संध्याकाळ वाया गेली नाही. नववा फ्लॅट एका काकूंचा. यजमान एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले. काकूंनी नाव ऐकलं आणि विचारलं, ‘कपडे गॅलरीत वाळत घालणार का? खाली आमच्या तुळशीवर पाणी गळतं.’ बस, एवढीच चौकशी. पुढे अडीच वर्षं मी तिथे राहिलो. पाण्यावरून आमची दर आठवड्याला भांडणं झाली, होळीला पुरणपोळी वर आली, ईदला शीरखुर्म्याचा डबा खाली गेला, आणि काकूंनी तो डबा धुऊन कधीच रिकामा परत केला नाही.

म्हणजे बघा, शेजाऱ्यांबद्दल माझ्याकडे किती माल होता! आणि मी म्हणालो, ‘दे आर व्हेरी गुड.’

कारण प्रश्न ऐकल्या ऐकल्या काकूंच्या आधी ते आठ फोन आठवले. ते सांगायचे का? परक्या माणसासमोर सांगायचे का? सांगितले तर तक्रार केल्यासारखं वाटेल का? या विचारात पाच-सहा सेकंद गेली आणि तोंडातून सगळ्यात सुरक्षित वाक्य बाहेर पडलं. आपल्या घरांतून हे शिकवलं जातं. अम्मी प्रवासाला निघताना सांगायची, रेल्वेत कुणाशी जास्त बोलू नको, विचारलं तर हो-नाही म्हण. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, तिला जे दिसलं होतं त्यावरून ती बोलत होती. पण अशी वीस वर्षं हो-नाही म्हणायची सवय झाली की कुणी प्रेमानं ‘घरी कोण कोण असतं?’ विचारलं तरी आपण हो-नाहीच म्हणतो. मराठीत विचारलं तरी. इंग्रजी तर नंतरची गोष्ट.

दुसऱ्या वेळची तयारी मी इथे मिरजेत केली, आमच्या गच्चीवर, माझ्या मामेबहिणीबरोबर. ती नर्स आहे, तिला इंग्लंडला जायचं होतं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएसच्या वाचन, श्रवण आणि स्पीकिंगमध्ये सात बँड लागतात, लेखनात साडेसहा. माझ्यापेक्षा तिची अट कडक. आणि तिची अडचण माझ्याहून मजेदार होती. दवाखान्यात ही पोरगी दिवसभर बोलते. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातूनही पेशंट येतात, तेव्हा मराठी, दखनी आणि कामापुरतं कानडी. म्हाताऱ्या बायांना रागावून औषध घ्यायला लावते. पण ‘तुमच्या कामाबद्दल सांगा’ असा इंग्रजी प्रश्न विचारला की म्हणायची, ‘आय अ‍ॅम अ स्टाफ नर्स. इट इज अ नोबल प्रोफेशन.’ आणि माझ्याकडे बघत बसायची.

इशाची नमाज झाली की आम्ही वर जायचो. मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर, रेकॉर्डिंग चालू. पहिले चार-पाच दिवस इंग्रजी बंद ठेवलं. विषय तोच, पण बोलायचं घरच्या भाषेत. काल ड्युटीवर काय झालं, दोन मिनिटं. आणि गंमत सांगतो, घरच्या भाषेतही दोन मिनिटं भरेनात! चाळीस सेकंदांत गाडी थांबायची. ‘बस, हौ, इतनाच.’ तेव्हा कळलं की दुखणं इंग्रजीचं नाही. एका गोष्टीवर सलग दोन मिनिटं आपल्याला कुणी बोलूच दिलेलं नाही. घरात मोठे बोलतात, वर्गात सर बोलतात, मोहल्ल्यात नगरसेवक बोलतात.

मग मी तिला उलटे प्रश्न विचारायला लागलो. नोबल प्रोफेशन सोड, नाईट ड्युटीला पहिली गोष्ट काय करतेस? चार्ज घेते. म्हणजे काय? मग ती सांगायला लागली. आधीच्या नर्सकडून एकेका पेशंटची माहिती घ्यायची, सलाईन किती उरलंय बघायचं, इंजेक्शनच्या वेळा तपासायच्या, पहाटे चारला सगळ्यात जास्त झोप येते तेव्हा उभं राहून फाईल लिहायच्या. दोन मिनिटं कधी संपली कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच इंग्रजीत. शब्द अडायचे, पण आता कोणता शब्द हवाय हे तिला माहीत होतं. त्यामुळे शब्दकोशात तो सापडायचा. ‘नोबल’च्या पुढे काय हवं ते कुठल्या शब्दकोशात सापडणार?

स्वयंपाकघर हा आणखी एक खजिना. शीरखुर्मा कसा करतात हे इंग्रजीत सांगून बघा आज रात्री. खारीक रात्री भिजवायची, बिया काढून पातळ काप करायचे, शेवया तुपात परतायच्या पण लाल होऊ द्यायच्या नाहीत, दूध आटवायचं, चारोळी, बदाम. भिजवणं, कापणं, परतणं, आटवणं, ढवळणं, एका वाटीत पाच-सहा क्रियापदं. ‘व्हेरी टेस्टी’ म्हणून मोकळं होणाऱ्याला त्यातलं एकही लागत नाही, म्हणून ती येतही नाहीत. आम्ही अम्मीला समोर बसवलं. तिला इंग्रजी येत नाही, पण ती बोटं मोजत होती. मी इंग्रजीत सांगितलं आणि ती म्हणाली, ‘तू चार पायऱ्याच बोलला. खारीक कायकू विसरला?’ भाषा न कळता चूक पकडली. असा परीक्षक फीमध्ये मिळत नाही.

गावाचंही तसंच. समृद्ध वारसा म्हणण्याऐवजी सतारमेकरांच्या दुकानांसमोर दहा मिनिटं उभं राहा. पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे छताला टांगलेले असतात. त्यातला एक तंबोरा होतो, एक सतार. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे सांगा हवं तर. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी गाणं होतं, ते सांगा. पण नुसतं तो लटकलेला भोपळा सांगितलात तरी समोरचा पेन्सिल बाजूला ठेवून ऐकतो.

उच्चारांबद्दल एक गोष्ट सांगतो, ती क्लासमध्ये कुणी सांगणार नाही. सगळे म्हणतात, ब्रिटिश लोकांसारखं बोला, नाकातून बोला. काही गरज नाही. आपली ढब असली तरी गुण जात नाहीत, शब्द स्पष्ट कळले पाहिजेत. अडचण आपल्या मराठीभाषकांची दोन-तीन जागी होते. ‘थिंक’चा थ आपण मराठीतल्या ‘थाळी’सारखा म्हणतो. ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ यांतला फरक लिहिताना करतो, बोलताना विसरतो. ‘झू’ आणि ‘जू’ एक करतो.

आता आठवा, सात-आठ वर्षांचे असताना हाफिजजी आपल्याला कुरआन शिकवायचे. सूरह कौसर तर सगळ्यांना पाठ. ‘कौसर’मधला तो ‘स’ साधा नाही. उर्दूत आपण त्याला साधा करून टाकतो, पण तजवीद पक्कं असलेले हाफिजजी जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लावायला लावायचे. तोच ‘थिंक’चा आवाज आहे. ‘अऊझु’मधला ‘झ’ त्याच जागेवरून, घोष करून काढा, झाला ‘धिस’चा पहिला आवाज. वावसाठी दोन्ही ओठ गोल करायचे, दात लावायचा नाही, तो इंग्रजी डब्ल्यू. फे म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला, तो एफ, आणि तिथेच आवाज भरला की व्ही. हे सगळं आपण छडी खाऊन शिकून बसलोय! मामेबहिणीला हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग आरशासमोर जाऊन उभी राहिली. एका आठवड्यात तिचा थ सुधारला, माझ्यापेक्षा चांगला.

तसाच भाषांचा प्रश्न. ‘तुम्हाला इतर कोणत्या भाषा येतात?’ हा येण्यासारखा प्रश्न आहे. पहिल्या वेळी मला विचारला असता तर मी ‘हिंदी’ म्हणून गप्प बसलो असतो. का, तर आमची दखनी म्हणजे बिघडलेलं उर्दू, असं लहानपणी ऐकलेलं. आणि मराठी बोलतो म्हटलं की पुढचा माणूस म्हणतो, ‘अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!’ अरे बाबा, पहिलीपासून मराठी शाळेत शिकलो, छान नाही बोलणार तर काय! घरी दखनी, शाळेत मराठी, नमाजेत अरबी, कॉलेजात इंग्रजी, कंपनीत हिंदी-इंग्रजीची मिसळ. कोणती भाषा कुणाशी आणि का, एवढंच सांगितलं तरी एक मिनिट सहज जातं.

इथे एक चिठ्ठी आली आहे. एका मुलीनं विचारलंय की, ‘हिजाबबद्दल किंवा धर्माबद्दल विचारलं तर काय सांगायचं? आणि घर मिळालं नाही वगैरे खरंच सांगायचं का?’

पहिलं म्हणजे, प्रश्न ठरलेले असतात, परीक्षक मनानं तुमच्या धर्मावर चौकशी करत नाहीत. दुसरं, परीक्षा म्हणजे न्यायालय नाही. तिथे आपली बाजू मांडायला जायचं नाही. सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी काकूंच्या तुळशीवर बोलून आठ फोन गाळले असते तरी चाललं असतं. खोटंही बोलता येतं, गुण तेवढेच मिळतात, नियमात काही अडत नाही. फक्त खोट्याला तपशील लागतात आणि घड्याळ चालू असताना ते सुचत नाहीत, हा माझा अनुभव. ठरवायचं ते आधी ठरवा, गच्चीवर. परीक्षकासमोर ठरवायला गेलं की माझ्यासारखी पाच सेकंदं जातात.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. प्रश्न कळला नाही तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ म्हणा. गुण कापत नाहीत. न कळता भलतंच बोलण्यापेक्षा ते शंभरपट बरं. आणि कार्ड मिळाल्यावर त्या एका मिनिटात वाक्यं लिहू नका, पाच-सहा शब्द लिहा. वाक्यं लिहिलीत तर ती वाचत बसाल.

दुसऱ्या वेळी माझ्या कार्डावर आलं होतं, एखाद्या गोष्टीची खूप वाट पाहावी लागली तो प्रसंग. मी कागदावर लिहिलं, फोन, आठ, भाचा, काकू, तुळस. आणि सांगितलं. न रडता, न चिडता, जसं घडलं तसं. मालकाच्या भाच्याच्या लग्नाला परीक्षक हसल्या नाहीत, त्यांनी हसायचं नसतं बहुतेक, पण तुळशीला पाणी गळतं म्हटल्यावर ओठ जरा हलले. मध्ये दोनदा काळ चुकला, एकदा ‘डिपॉझिट’ला काय क्रियापद लावायचं ते सुचेना, दुसरा शब्द वापरला आणि पुढे गेलो. दोन मिनिटांवर त्यांनी थांबवलं तेव्हा माझी पुरणपोळी शिल्लकच होती. सात बँड आले. मामेबहिणीला पहिल्यांदा साडेसहा, चार महिन्यांनी सात. ती आता तिकडे रात्रपाळी करते आणि पहाटे चारला फाईल लिहिण्याऐवजी कॉम्प्युटरवर टाइप करते. झोप तेवढीच येते म्हणते.

बोलून झालं. आता जोड्या करा. शेजारी ओळखीचं बसलं असेल तर जागा बदला, अनोळखी माणूस शोधा. मोबाईल काढा, रेकॉर्डिंग चालू करा. आज इंग्रजी नको, ज्या भाषेत घरी भांडता त्या भाषेत. विषय, तुमचे शेजारी. मी दोन मिनिटांचा टायमर लावतोय. ऐकणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, आणि बोलणाऱ्यानं ‘चांगले आहेत’ म्हणायचं नाही. चला, सुरू.